काळदऱ्याचा हाका

विड्यांचं तबक दरवाजात दिसलं तेव्हा माझं बोलणं अर्ध्यावरच होतं.

मी उभी राहून बोलत होते. जेमतेम चार वाक्यं झाली असतील. तेवढ्यात हैबती खिजमतगार लाल पागोटं घालून, चांदीचं तबक दोन्ही हातांवर तोलत आत आला. त्याच्या मागं अत्तरदाणी आणि गुलाबदाणी घेऊन आणखी दोघे होते. आमच्या हरणेश्वर संस्थानात तबक दिसलं की दरबार संपला असं समजायचं. सगळ्यांच्या हातात विडा पडला की मुजरा करायचा आणि पाठ न दाखवता बाहेर पडायचं. तुमचं म्हणणं पोटात राहिलेलं असो नाहीतर ओठांवर आलेलं असो, ते घेऊन घरी जायचं.

"मास्तरीणबाई, आवरा आता," शेजारच्या बाकावरचे दौलू पाटील पुटपुटले. "पान आलं."

आवरा म्हणे! उद्या सकाळी माझा नवरा काळदऱ्याच्या रानात जखमी बिबट्यापुढं उभा राहणार होता, आणि मी आवरायचं होतं.

पंधरा दिवसांमागं महाराजांनी झाडावर बांधलेल्या माळ्यावरून एका बिबट्यावर गोळी झाडली होती. ती मागच्या पायाला लागली आणि जनावर काळदऱ्याच्या दाटीत शिरलं. जखमी जनावर तसंच सोडायचं नाही, ही शिकाऱ्याची रीत. त्यात इंग्रज सरकारच्या एजंटसाहेबांचे कुणी पाहुणे शिकारीला आले होते. म्हणून शुक्रवारी सकाळी हाका ठरला. हाका म्हणजे काय ते आता कुणाला ठाऊक नसेल. डोंगराखालच्या वाड्यांतून घरटी एक माणूस द्यायचा. त्यांनी डबे, ताशे, काठ्या घेऊन ओळीनं रानात शिरायचं आणि ओरडत, बडवत जनावर पुढं रेटायचं. पुढं उंच झाडावर माळा बांधलेला असतो आणि त्यावर बंदूक घेऊन महाराज बसलेले असतात. मजुरी नाही आणि विचारणं तर नाहीच. जो येणार नाही त्याची मेंढरं फौजदार कोंडवाड्यात घालणार, आणि धनगराची मेंढरं कोंडली म्हणजे चूलच विझली.

आमच्या घरात पुरुष एकच, तातोबा. आदल्या वर्षी अशाच हाक्यात रानडुकरानं त्याची मांडी फाडली होती. तेव्हापासून तो पाय ओढत चाले. बिबट्या उलटला तर बाकीचे पळतील आणि मागं तातोबाच राहील, हे मला डोळ्यांपुढं दिसत होतं. त्या आठवड्यात मी धड झोपलेच नव्हते.

आता प्रश्न असा, की धनगराची बायको दरबारात उभी राहून बोलत कशी होती? त्याला कारण खुद्द महाराजच. आमच्याकडं लोकांचं राज्य एका रात्रीत आलं नाही, ते पायरी पायरीनं आलं. थोरल्या महाराजांच्या काळात दसऱ्याच्या दरबारात रयतेनं एक गाऱ्हाणं सांगायची मुभा होती. ऐकायचं की नाही ती त्यांची मर्जी. आमचे महाराज गादीवर आले, तेव्हा त्यांनी रयतसभा काढली. पण सभासद तेच नेमणार, आणि सभासदांनी फक्त सल्ला द्यायचा. मग निम्मे सभासद निवडून येऊ लागले, मग सगळे. बायकांसाठी एक जागा ठेवली, तिच्यावर मी आले. दिवाणसाहेबच अध्यक्ष असायचे, तेही गेलं. सभेनं आपला अध्यक्ष आपण निवडावा असं ठरलं. आणि त्या वर्षीच्या सनदेत तर महाराजांनी लिहून दिलं होतं, की सभा जे ठरवील त्यावर आम्ही सही करू, आणि सभेत आम्ही बाजूच्या खुर्चीवर बसू, बोलणार नाही.

कागदावर सगळं आलं होतं. पण सभा भरायची त्याच दरबारात. मधोमध रिकामी गादी, तिच्यावर मखमली खोळ. सभासद आत येताना आधी गादीला मुजरा करायचे आणि मग बाकावर बसायचे. आजवर एकही ठराव दिवाणसाहेबांच्या मनाविरुद्ध झाला नव्हता. हात जोडायची सवय लागलेला माणूस हात वर करायला धजत नाही, एवढं साधं कारण होतं त्याला.

मी स्वतः महाराजांच्या आईसाहेबांनी काढलेल्या मुलींच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले. फी नाही, पुस्तकं फुकट, वर्षाला एक लुगडं. खैरवाडीच्या शाळेत मास्तरीण झाले तीही त्यांच्याच हुकमानं. म्हणजे मी त्या घराचं मीठ खाल्लेलं. आणि आज त्याच घराच्या शिकारीविरुद्ध बिल घेऊन उभी होते. बिल एका ओळीचं होतं : कोणाही माणसाला त्याच्या राजीखुशीवाचून हाक्याला नेता येणार नाही.

अधिवेशनाचा तो शेवटचा दिवस. आज मत झालं नाही तर पुढची सभा दिवाळीनंतर. आणि दिवाण श्रीनिवासराव मुतालिकांनी माझी पाळी मुद्दाम सगळ्यांत शेवटी ठेवून, मी तोंड उघडताच हैबतीला खूण केली होती. माणूस मोठा गोड बोलणारा. त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नसेल. त्यांचं नाही तबकातून यायचं.

तबक फिरू लागलं. पहिला विडा अध्यक्षांना, मग दिवाणसाहेबांना, मग मानाप्रमाणं सरदार, इनामदार, वकील, पाटील. अत्तराचा वास पसरला. ज्याला विडा मिळे तो उजव्या हातात छातीशी धरून उभा राही. महाराजांचा विडा डाव्या हातात घ्यायचा नाही आणि खाली तर ठेवायचाच नाही, अशी रीत. बघता बघता अख्खी सभा उभी राहिली. मी बोलत होते, पण माझे शब्द मलाच ऐकू येईनात. मी महाराजांकडं पाहिलं. ते बाजूच्या खुर्चीवर चष्मा पुसत बसले होते. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

हैबती माझ्यापुढं येऊन थांबला. मी बाईमाणूस, त्यातून धनगराची, म्हणून माझी जागा सगळ्यात शेवटी. तबकात एकच विडा उरला होता.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. शेवटचा विडा उचलला गेल्याशिवाय दरबार संपत नाही. आणि शेवटचा विडा माझा होता.

मी हात मागं घेतले.

"बाई, विडा घ्या," दिवाणसाहेब म्हणाले.

"घेते की, दिवाणसाहेब. महाराजांचा विडा कोण नको म्हणेल? पण माझं बोलणं अर्धं राहिलंय. अर्ध्या बोलण्यावर विडा घेतला तर विड्याचा मान राहत नाही."

"सभा संपली आहे."

"मग तबक रिकामं का नाही?"

कुणीतरी खोकल्यासारखं केलं. हैबती बिचारा तबक धरून तसाच. त्याला पुढं जायला जागा नव्हती आणि मागं फिरायची रीत नव्हती. दिवाणसाहेबांनी महाराजांकडं पाहिलं. महाराजांनी एक शब्द काढला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. आणि तातोबाही मिटला असता. पण महाराजांनी स्वतःच्या सनदेत न बोलण्याचं कबूल केलं होतं. त्यांचा चष्मा पुसून झाला होता, तरी ते पुसतच होते.

मी अध्यक्षांकडं वळले. नानासाहेब आरवाडे म्हणजे कापडाचे व्यापारी, स्वभावानं मऊ. घरी मांजर आडवं गेलं तरी दुकान उशिरा उघडणारे. ते विडा छातीशी धरून घामाघूम झाले होते.

"अध्यक्षमहाराज, सभा चालू आहे की संपली? तुम्ही सांगाल ते मला मान्य."

"मी... म्हणजे..." त्यांनी दिवाणसाहेबांकडं पाहिलं, मग तबकाकडं. "तबक रिकामं झालेलं नाही. तेव्हा सभा अजून... चालू असावी, असं वाटतं."

"असावी?" दिवाणसाहेब हसले.

"आहे," नानासाहेब म्हणाले, आणि आपण काय बोललो म्हणून स्वतःच दचकले.

मला येत होतं ते भाषण मी विसरले. पाठ केलेलं सगळं पार उडालं. मी नुसतं सांगितलं. "उद्या सकाळी माझा धनी काळदऱ्यात जाणार आहे. त्याला पळता येत नाही. तिथं जखमी जनावर आहे. माझ्या धन्याला जायचं आहे का, हे कुणी विचारलं नाही. मला दुसरं काही म्हणायचं नाही. मत घ्या."

"बाई, मत कसं घेणार?" दिवाणसाहेबांचा आवाज आता लोण्यासारखा झाला होता. "सगळ्यांच्या उजव्या हातात महाराजांचा विडा आहे. मत द्यायचं म्हणजे उजवा हात वर करायचा. त्यासाठी विडा डाव्या हातात घ्यावा लागेल, नाहीतर खाली ठेवावा लागेल. या दरबारात, महाराजांसमोर, कोण ठेवणार आहे विडा खाली? ठेवा बरं कुणीतरी."

कुणी हललं नाही. मी एकेकाचा चेहरा पाहत गेले. यातले निम्मे लोक माझ्या घरी येऊन म्हणाले होते, "बिल आणा, आम्ही आहोत." आता सगळे आपापल्या विड्याकडं बघत होते. संपलं, असं मला वाटलं. पहाटे उठून भाकरी बांधून द्यायची आणि वाट बघत बसायचं, एवढंच आता आपल्या हातात.

"खाली कशापायी ठेवायचा?" दौलू पाटील एकदम म्हणाले.

हे दौलू पाटील आमच्याच वाडीचे, सभेत नेहमी पेंगायचे. त्यांनी आपला विडा धरलेला हात छातीवरून उचलला आणि सरळ डोक्यावर नेला. "वर धरतो की! म्हाराजांचा विडा वर धरला तर मान वाढंल का कमी हुईल, दिवाणसाब?"

दिवाणसाहेबांचं हसू मावळलं. माझ्या आठवणीत तरी पहिल्यांदाच.

पाटलांच्या मागून एक हात वर गेला. मग दोन. मग डोंगराकडच्या वाड्यांतले सगळे. नानासाहेब मोजू लागले, चुकले, पुन्हा मोजू लागले. वकिलांपैकी दोघांनी हात वर केला, इनामदारांपैकी एकानं. चिमटीत हिरवे विडे आणि वर गेलेले हात. आणि हैबतीच्या तबकातला शेवटचा विडा तसाच.

"बिल मंजूर," नानासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता.

"ठीक," दिवाणसाहेब म्हणाले. "आता महाराजांच्या सहीचं. सनदेप्रमाणं सहीला एक महिन्याची मुदत आहे."

एक महिना! हाका उद्याच होता. मला ते ठाऊकच नव्हतं. मी सनद दहादा वाचली होती, पण भीतीनं वाचणाऱ्याला आपल्याला हवं तेवढंच दिसतं.

महाराज खुर्चीवरून उठले. सगळे ताठ झाले. ते चालत माझ्यापर्यंत आले. अंगानं बारीक, उंच, पन्नाशीचे. इतक्या जवळून मी त्यांना शाळेच्या बक्षीस समारंभानंतर पहिल्यांदाच पाहत होते.

"सुंद्राबाई," ते हळू आवाजात म्हणाले. "रयत हाक्याला आनंदानं येते, अशी आमची समजूत होती."

"महाराज, कुणी विचारलंच नव्हतं."

त्यांनी चष्मा झटक्यानं डोळ्यांवर चढवला. ते रागावले होते हे लहान पोरालाही कळलं असतं. त्यांनी हात पुढं केला आणि म्हणाले, "टाक."

कारकुनानं टाक दिला. त्यांनी उभ्या उभ्या, कारकुनाच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. मग तबकातला विडा स्वतः उचलून माझ्या हातात दिला आणि माझ्याकडं न बघता निघून गेले.

मी घरी पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. तातोबा अंगणात मेंढीच्या खुरात रुतलेला काटा काढत होता.

"झाला कायदा," मी म्हटलं. "तुमास्नी उद्या जायाचं न्हाई."

"बरं झालं," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "कायदा केलास खरा. पर बिबट्याला कुनी सांगायचं?"

माझा इतका जीव वर-खाली झाला होता, आणि ह्याला चेष्टा सुचत होती! मी चिडून आत गेले. पण त्याचं म्हणणं मनातून जाईना. शिवाय महाराजांचा तो चेहरा. राजा माणूस, भरसभेत हरलेला. उद्या मेंढरं कोंडवाड्यात जातात, की मास्तरीणपण जातं, की दोन्ही? दाराचं लाकूड वाजलं तरी फौजदार आला असं वाटायचं.

सकाळी उन्हं वर यायच्या आधीच मोटारीचा आवाज आला. खैरवाडीत मोटार यायची ती फक्त संस्थानची. बायकांनी पोरं आत ओढली. मोटार मारुतीच्या देवळापुढं थांबली आणि तीतून महाराज उतरले. संगती एक शिकारखान्याचा म्हातारा शिकारी आणि चालक, एवढेच. साहेबपाहुणे नव्हते, फौजदार नव्हता.

सगळी वाडी हात जोडून उभी राहिली. महाराजांनी एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. मग म्हणाले, "शिकार रद्द झाली. साहेब काल परत गेले. पण जनावर आमच्या गोळीनं जखमी झालंय. काल सांजेला त्यानं वरच्या वाडीच्या मेंढक्यावर झेप घेतली. तो थोडक्यात वाचला. असं जनावर मोकळं ठेवणं आमच्यानं होणार नाही. आणि ती दाटी एकट्यादुकट्यानं धुंडाळता येत नाही." ते थांबले. पुढचं वाक्य त्यांच्या जिभेला जमेना. "तुमच्यापैकी... कुणी येईल का?"

लोकांना वाटलं, यात काही डाव असेल. हुकूम कसा पाळायचा ते त्यांना ठाऊक होतं. विचारल्यावर काय करायचं ते ठाऊक नव्हतं. महाराजांनाही उत्तराची वाट बघायची सवय नव्हती. ते काठीनं मातीत रेघ ओढू लागले. खरं तर मला समाधान वाटायला हवं होतं. पण एक मोठा माणूस तोंड वेंगाडून उभा आहे आणि सगळे पायाकडं बघतायत, हे बघवत नव्हतं. तरीही मी मनात म्हणत होते, नका बोलू, कुणी बोलू नका.

"येतो म्या," तातोबा म्हणाला.

मी त्याचा दंड धरला. "अवो, याच्यासाठी कायदा केला का म्या?"

"याच्यासाठीच केलास की. राजीखुशीनं, असंच लिवलंयस न्हवं?" त्यानं माझा हात सोडवला आणि दोन पावलं पुढं गेला. "पर येक हाय, म्हाराज."

"बोल."

"तुमी माळ्यावर बसायचं न्हाई. आमच्यासंगं खालनं चालायचं."

म्हाताऱ्या शिकाऱ्यानं जीभ चावली. महाराजांनी तातोबाच्या पायाकडं पाहिलं.

"या पायानं येणार तू?"

"पाय तुमच्याच रानात गेलाय, म्हाराज. वाट ठावं हाय त्याला."

आता मात्र संपलं, असं मला वाटलं. असलं बोलणं राजाच्या तोंडावर कुणी केलं नव्हतं. महाराजांनी गळ्यातली दुर्बीण काढून चालकाकडं दिली आणि म्हणाले, "चला."

तातोबा निघाल्यावर दौलू पाटलांचा थोरला निघाला. मग शेजारचा भिवा, मग खालच्या आळीचे दोघे. कुणी घरातनं डबा आणला, कुणी फुटका ताशा. जे गेले नाहीत त्यांना कुणी काही म्हटलं नाही. महाराजांनी फौजदाराला आणलं नव्हतं, हे तोपर्यंत सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं.

मी शाळा उघडली नाही. पोरी आल्या त्यांना परत धाडलं. देवळाच्या कट्ट्यावर बसून काळदऱ्याकडं कान लावला. आधी काहीच नाही. मग डबे वाजू लागले. मग आरोळ्या. त्यातला प्रत्येक आवाज मी ओळखत होते. भिवाचा घोगरा, पाटलाच्या पोराचा चिरका, तातोबाचा छातीतून येणारा. आणि त्यांत एक अनोळखी आवाज होता, बारीक, ओरडायची सवय नसलेला, मधूनच फाटणारा.

मग डबे एकदम थांबले. का थांबले? मी उभी राहिले. कुठं पाखराचाही आवाज नव्हता. बंदुकीचा एकच बार झाला, आणि त्यानंतर पुन्हा काही नाही. मी अनवाणी रानाच्या दिशेनं धावत सुटले.

ओढ्याजवळ ते मला भेटले. पुढं दोघेजण बांबूला बांधलेला बिबट्या घेऊन येत होते. मी जनावराकडं पाहिलंच नाही, वाडीची माणसं मोजली. एक कमी होता. मी किंचाळणार, तेवढ्यात वळणावरून तातोबा पाय ओढत येताना दिसला, आणि त्याच्या शेजारी, त्याच्याच चालीनं, महाराज. त्यांचा कोट काट्यांनी फाटला होता. ओढा ओलांडताना त्यांनी तातोबाला हात दिला, आणि तातोबानं तो धरला.

या गोष्टीला आता चाळीसच्या वर वर्षं झाली. पुढं संस्थान गेलं, देशभर मतपेट्या आल्या. महाराज गेले, तातोबाही गेला. लोक मला म्हणतात, तुम्ही पहिला कायदा केला, त्याचं सांगा. मी विड्यांचं सांगते. लोक हसतात. पण मला आठवते ती त्याच दिवसाची सांज.

मी परातीत ऊन पाणी घेऊन तातोबाचा पाय शेकत होते.

"भ्या न्हाई वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं की. दरसाली वाटतं."

"मग?"

"औंदा म्हाराजबी भ्याले हुते." तो थोडं हसला. "घडीघडी इचारायचे, तातोबा, थांबायचं का? म्या थांबा म्हनलं की थांबायचे. मानसांची समदी वळ थांबायची. म्हनून तर जनावर उलटलं तवा कुनी सापडलं न्हाई त्याच्या तावडीत."

मी पाय चोळत राहिले. मांडीवरचा तो जुना व्रण हाताला लागत होता.

"गेल्या साली डुक्कर उलटलं तवाबी म्या वराडत हुतो," तातोबा म्हणाला. "थांबा, थांबा, म्हनून. माळ्यावर ऐकूच गेलं न्हाई."

हे त्यानं मला आजवर कधीच सांगितलं नव्हतं. पाणी निवलं होतं, ते बदलायला मी उठले.